डोळे द्यायचे, तर विचारायचं मला

मी उरणकडची, मिठागरावर जन्मले, मिठागरावरच नांदले. माझे मालक, म्हंजे नवरा, मुंबईला गोदीत कामाला, शिमग्याला नि गणपतीला घरी यायचे. मंग नुसतेच गणपतीला यायला लागले, तेव्हाच मी समजले, तिकडं कुणीतरी हाय. यमुना तिचं नाव. दिसायला काय माझ्याहून बरी न्हाय, पण रोज त्यांचा डबा तीच भरायची, तेच मला खुपायचं, काय सांगू तुम्हाला बाई.

छातीचं दुखणं निघालं, मालकांना इस्पितळात ठेवलं. निरोप आला तशी लाँच धरून गेले, तर मी पोचायच्या आधीच ते गेले होते. पायाशी यमुना बसलेली. मला जागा द्यायला उठली, ते पण मला आवडलं न्हाय.

तेवढ्यात डॉक्टर आले, बोलले, यांची लग्नाची बायको कोण. मी बोलले, मी. तर डॉक्टर बोलले, यांना आपले डोळे द्यायचे होते, मेल्यावर, आंधळ्याला बसवतात. म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं. तर यमुनेकडं बोट. गोदीतल्या एकाला तसं दिसायला लागलेलं मालकांनी बघितलं होतं, तेव्हापासून मनात होतं म्हणे. मनातलं हिला सांगितलं. मला कधी काय बोलले, तर मिठाचा भाव.

डॉक्टर बोलले, कायदा नवीन हाय, दोन साक्षीदारांसमोर बोलले असते तर झालं असतं, एकटीच्या शब्दावर चालत न्हाय, आणि या बाई कायद्यानं बायको न्हायत. तुम्ही व्हय म्हणा, न्हाईतर न्हाय म्हणा, जबरदस्ती न्हाय, पण लवकर सांगा, डोळे फार वेळ टिकत न्हायत.

मला न्हायच बोलायचं होतं. तिचा शब्द खाली पडला असता. मी तिला विचारलं, माझं नाव काढलं का त्यांनी. ती मालकांच्या पायाकडं बघत बोलली, व्हय ताई, बोलले, तिला विचारल्याशिवाय काय करू नका. ती खोटं बोलत होती, मला कळलं, पण बाई, खोट्यात का व्हईना, मोठेपणा ती मला देत होती, आणि तो तिच्याकडनं घ्यायचं माझ्या जिवावर आलेलं. मंग वाटलं, न्हाय म्हटलं तर मालकांचं शेवटचं सांगणं हिच्यापाशीच राहील. व्हय म्हटलं तर देणारी मी. लावला अंगठा. यमुना रडली, मी तिथं रडले न्हाय.

डोळे कुणाला बसवले ते विचारलं, तर डॉक्टर बोलले, सांगत न्हाय आम्ही. एवढा माझा हक्क, पण तेवढं काय मिळालं न्हाय.

आता कधी भाजी घेऊन मुंबईला जाते, धक्क्यावर उतरले की माणसांच्या तोंडाकडं बघते. असेल कुणीतरी, बायकापोरांकडं बघत असेल, सुखात राहू दे, औक्ष मिळू दे त्याला. फक्त यमुना त्याच्या नजरेला पडू नये, एवढंच माझं देवाकडं मागणं हाय.