तारा झाकायचा होता

अगं, माझं लग्न कसं जमलं ते तुला सांगितलंच नाही ना! प्रशांत मला बघायला बदलापूरला आला, सोबत त्याची आई. म्हणजे उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पमधल्या काकू. तोवर "मुलगी फार शिकलीय" म्हणत दोन स्थळं गेली होती, त्यामुळे आईने मला आधीच दम भरलेला, "जास्त बोलू नकोस."

मी प्रशांतला विचारलं, "जेवणात काय आवडतं?"

काकू म्हणाल्या, "त्याला ना, भरली वांगी."

"आणि फिरायला?"

"छे गं, त्याला गाडी लागते."

प्रशांत आपला चहा ढवळतोय.

मग काकूंनीच विचारलं, "तू ते दुर्बिणीतून आकाशात नक्की काय बघतेस?"

"एका ताऱ्याजवळ त्याचा छोटा जोडीदार आहे, तारा होता होता राहिलेला. त्याच्याभोवती धुळीची तबकडी आहे का, ते शोधते."

"एवढ्या लांबून दिसतं?"

"ताऱ्याच्या झगमगाटात जोडीदार दिसतच नाही, काकू. आधी तारा झाकावा लागतो. तरी थोडा उजेड कडेने येतोच." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही जरा पाच मिनिटं किचनमध्ये बसता का?"

आईने कपाळावर हात मारला. काकूंनी माझ्याकडे रोखून बघितलं आणि कप उचलून खरंच आत गेल्या.

प्रशांतने पहिल्यांदा मान वर केली. म्हणाला, "मग सापडली का तबकडी?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात किचनमधून आवाज आला, "सापडली असेल रे! हुशार आहे मुलगी, हो म्हणून टाक!"