समीरच्या निम्फ आणि माझ्या

आलेल्या सगळ्यांना नमस्कार. पुण्याहून स्क्रीनवर बसलेल्या समीरच्या आईबाबांना, काका-काकूंनाही. मी ओंकार. मुक्ता म्हणाली, "तू बोल," म्हणून उभा आहे. नाहीतर समीरबद्दल चांगलं बोलायची मला सवय नाही.

बसा हो, काका. बोलू द्या मला.

मुक्ता मला आवडते. या हॉलमध्ये कुणाला हे नवीन आहे? इथे नेदरलँड्सला आल्यावर मास्ट्रिख्टला आम्ही एका वर्गात होतो. मी कॉलेज अर्धवट सोडलं, सायकल दुरुस्तीच्या दुकानात लागलो. आणि त्याच हिवाळ्यात आइंडहोवनहून हा आला. इंजिनिअर, हसरा, उंच. शनिवारी मुक्ताला भेटायचा, रविवारी नदीवर ट्राउट मासे धरायचा. शाकाहारी माणूस! धरायचा आणि सोडून द्यायचा. मुक्ता म्हणायची, "किती छान, ना?" मी म्हणायचो, "सोडायचेच तर धरतो कशाला?"

एका रविवारी मी त्याच्याशी भांडायलाच गेलो. हा मुक्ताच्या टेबलावर निम्फ बांधत बसलेला. निम्फ म्हणजे नदीच्या तळाशी राहणाऱ्या किड्याची नक्कल, माशाला फसवायचं आमिष. हुकवर टंगस्टनचा मणी, मग शिशाची तार, तिच्यावर सशाची लव, शेवटी धाग्याची गाठ. वजन आत. बाहेरून काही दिसत नाही.

मी म्हणालो, "समीर, मला बोलायचंय."

"बोल की. आधी ही तार धर."

मी तार ओढली. तुटली. पुन्हा ओढली. पुन्हा तुटली.

"ओम्या, तुला मुक्ता आवडते, माहितीये मला. तार सैल धर."

काय करणार अशा माणसाचं? सांगा ना. मारणार? हातात त्याची तार होती हो माझ्या!

मग मी दर रविवारी जायला लागलो, आधी टेबलाशी, मग त्याच्यामागे नदीवर. कशाला? त्याच्यापेक्षा चांगली निम्फ बांधायला. मुक्तानं एकदा तरी म्हणावं, "ओंकारची बघ." ती कधीच म्हणाली नाही. तोच म्हणायचा. "मुक्ता, ओम्याची बघ गं!" त्याचा मला जास्तच राग यायचा.

गेल्या आठवड्यात ऑफिसातून घरी जाताना तो सायकलवरून कोसळला. उठलाच नाही.

परवा मुक्तानं मला त्याचा डबा दिला. बांधलेलं सगळं आम्ही दोघं त्याच एका डब्यात टाकायचो. म्हणाली, "ओंकार, यातल्या त्याच्या वेगळ्या कर. मला फक्त त्याच्या हव्यात."

फक्त त्याच्या.

मी दुकानातला दिवा जवळ ओढून बसलो. मनात म्हटलं, माझ्या तर लगेच ओळखू येतील. एकेक उचलली. मणी पाहिला, लव पाहिली, गाठ पाहिली. मुक्ता, मला ओळखता येत नाही. एकही नाही. तीच तार, तशीच लव, तीच गाठ. या माणसानं तुला नेलं ते नेलं, माझे हातसुद्धा नेले. आता मी काहीही बांधलं तरी ते त्याचंच दिसणार.

काकू, रडू नका. मी चिडलोय, एवढंच. मेलेल्या माणसाशी कसं भांडायचं? मुक्ता, तो म्हातारा होणार नाही, चुकणार नाही, तुझ्यावर कधी ओरडणार नाही.

हा डबा. घे, मुक्ता. सगळा तुझा. काही वेगळं केलेलं नाही. तू कुठलीही उचल आणि खुशाल त्याची म्हण. त्यात माझ्याही आहेत. त्याच्या नावानं का होईना, तुझ्या घरी राहतील.

आता सगळे उभे राहा. निम्फ पाण्यात टाकली की ती तळाला टेकेपर्यंत समीर कुणाला बोलू द्यायचा नाही. मी बोललोच, तर बोट ओठांवर ठेवायचा.

तेवढा वेळ गप्प राहू या. मीसुद्धा.