फुगे फुगवल्यावर ओठ सुजतात का?

माझ्या बहिणीचं हे तुम्हाला सांगायलाच हवं. सुजाता दातांची डॉक्टर, कात्रप भागातल्या तिच्या क्लिनिकमध्ये वेड्यावाकड्या दातांना तारा बसवते. मध्यंतरी तिला हातमोज्यांच्या रबराची अ‍ॅलर्जी निघाली. हात लालभडक झाले. घरचे म्हणाले, "सोड आता प्रॅक्टिस." तिने फक्त मोजे बदलले.

हात अजून बरे होत होते, तेव्हा उल्हासनगरहून एक बाई मुलीला घेऊन आल्या. हात बघून उठल्याच. "डॉक्टर, हे पोरीला लागलं तर?"

"हे लागत नाही हो. मला रबराने होतं," सुजाता म्हणाली आणि मुलीकडे वळली. "फुगे फुगवल्यावर तुझे ओठ सुजतात का गं?"

"हो! दर वाढदिवसाला. मम्मी म्हणते, केकच्या क्रीममुळे."

मुलीच्या तपासणीत रबराचीच अ‍ॅलर्जी निघाली. तारांना जोडायची रबरं तशीच तोंडात घातली असती, तर घसासुद्धा सुजला असता. सुजाताने बिनरबराचं सामान मागवलं.

त्या बाई मुलीचा रिपोर्ट घेऊन आल्या त्या दिवशी मी क्लिनिकमध्येच होतो. बाईंनी डोळे पुसत मला विचारलं, "तुम्ही डॉक्टरांचे कोण?"

म्हटलं, "सख्खा भाऊ!" तुम्हाला सांगतो, त्यांनी विचारलं नसतं, तरी मी सांगणारच होतो.