मांडायची ती मांडी

कृत्रिम पाय बसवून देणाऱ्या दवाखान्यात म्हातारा सुतार आपली पाळी यायची वाट पाहत बसला होता. शेजारी रजया शिवणारी एक बाई आणि तिची थोरली नणंद यांचं चांगलंच जुंपलं होतं.

“अगं, खुर्चीवर बसून शिव. पाय गेल्यावर मांडी कसली घालतेस?”

“वन्सं, गेला तो गुडघ्याखालचा पाय. मांडी जागेवर आहे.”

“वाद बरा घालता येतो तुला!”

“मांडीही घालीन. रजई जमिनीवर अंथरलेली असते. खुर्चीवरून माझा हात मधल्या टाक्यापर्यंत पोचेल का?”

“मांडी म्हणजे दोन्ही पाय दुमडून बसणं, साऱ्या जगाला ठाऊक आहे.”

“आई म्हणायची, मांडायची ती मांडी. संसार मांडतो, डाव मांडतो, तसं अंग जमिनीवर मांडायचं. त्यात पाय किती, हे कुठे आलं?”

“तुझी आई शब्दसुद्धा उसवून पाहायची वाटतं!”

आतून पाय बनवणारा कारागीर आला.

“बाई, पाय चालण्यापुरता हवा ना?”

“थांबा जरा. वन्सं, कुबडी धरा.”

भिंतीच्या आधारानं ती फरशीवर उतरली. सुतारानं पाय आवरून जागा करून दिली. तिनं उजवा पाय दुमडला आणि डावी मांडी त्यावर टेकवली.

“आता घ्या माप. या बैठकीत बसेल असा पाय करा.”