मातीखात्याची सही

बसा हो, बसा, सही कुठे पळून जात नाही — त्या स्टुलावर नको, ओलं आहे ते, इकडे बाकावर. चहा येतोय. तर बघू द्या कागद. रबाब वग्दी सुलेमान, पहिलं वर्ष. म्हणजे तुम्ही रबाबचे बाबा. नाव काढून घेताय तिचं. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचं सांगतायत. प्रत्येक खात्याची सही लागते बघा, कॉलेजचं काही सामान मुलीकडे राहिलं नाही म्हणून. चित्रकलेची झाली, छापकामाची झाली, सजावटीची झाली. राहिलं काय, तर मूर्तिकला. म्हणजे मी. माती माझ्याकडे, हौद माझ्याकडे, तारा-फळ्या सगळं माझ्याकडे, सव्वीस वर्षं झाली. पोरं दसूकीकाका म्हणतात. तुमच्याकडे कधी नाव निघालं नसेल माझं. नाही ना? बरं झालं.

पहिल्या वर्षाला असंच असतं — प्रत्येक खात्यात थोडे दिवस हात घालून बघायचा, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पसंतीच्या कागदावर एक लिहायचं, मग पुढची चार वर्षं तेच. तिने सांगितलं नाही? विचारलंत कधी? असू दे, मी आपला बोलतोय. आता ही पहिली सही, चित्रकलेची — तिथे ती काढायची काय, तर आईचा चेहरा. सरांनी सफरचंदं मांडून दिली तर सफरचंदांच्या मागे आई. पण हाताशी फोटो एकच, ओळखपत्रावरचा, तुमच्या बायकोला फोटो काढून घ्यायचा कंटाळा होता म्हणे — आणि त्यावरून काढलेलं सगळं तसंच यायचं, सरकारी. मग छापकाम. जस्ताच्या पत्र्यावर सुईने कोरायचं, ऍसिडात सोडायचं, कागदावर दाबून काढायचं. कागदावर सगळं उलटं येतं हे सांगूनसुद्धा पहिल्या वेळी पोरं विसरतात. डाव्या गालावरचा तीळ आला उजवीकडे. बाकीची पोरं हसली, ही जिन्यात बसून रडत होती. मी म्हटलं, अगं तिळाचं काय एवढं. तर म्हणते, काका, मला आता खरंच आठवेना तो कुठल्या बाजूला होता. सजावटीत मात्र नाटकाच्या सेटचे पुठ्ठ्याचे जिने, दारं, खिडक्या असं सुरेख केलं तिने की तिथल्या बाई म्हणाल्या, माझ्याकडेच ये. ही बधली नाही.

आणि मग इथे आली. पहिल्याच दिवशी मातीत हात घातला आणि फोटो पिशवीत टाकला. मी म्हटलं, पोरी, बघून तरी कर. तर म्हणे, आजारपणात दोन वर्षं मी तिचं तोंड पुसलंय, हाताला पाठ आहे. आणि खरंच — डोळे मिटून करायची हो. कपाळ, खाली बसलेले गाल, कानातल्या रिंगेनं ओघळलेली ती पाळी... मी तुमच्या बायकोला कधी पाहिलं नाही, पण बाजारात भेटली असती तर ओळखलं असतं. पसंतीच्या कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं तिने, मूर्तिकला. आणि ते डोकं प्लास्टरमध्ये ओतून घरी आणायचं होतं, आईला जाऊन वर्ष होईल त्या दिवशी. तुमच्यासाठी. हो, तुमच्यासाठीच. चहा घ्या, निवतोय.

काय झालं म्हणजे? तिने सांगितलं तेच. तडकलं. खमासीनचा वारा सुटला होता, गरम, धुळीचा, अशा हवेत माती उघडी राहिली की संपलं. तुम्ही त्या गुरुवारी फोन करून तिला लवकर बोलावलंत, पाहुणे होते ना तुमच्याकडे — तरी घाईघाईत दोन पदरी फडकं भिजवून टाकून गेली होती, काळजी घेणारी पोर — हं? नाही, म्हणजे टाकलं असणार. टाकायची रोज. मी कुठे बघत बसतो.

कागद ओढू नका, फाटेल. ऐका. फडकं होतं. आमच्याकडे रीत आहे — परीक्षक गुण देऊन गेले की ज्यावर ओलं फडकं, ते ठेवायचं, ज्यावर नाही, ते तारेने कापून हौदात, दुसऱ्या पोरांना माती लागते. त्या दिवशी परीक्षक यायचे होते, टेबलांवर बोटभर धूळ, आणि पुसायला माझ्याकडे चिंधी नाही. मी तिने केलेल्या त्या मातीच्या डोक्यावरचं उचललं. म्हटलं, पाच मिनिटांत परत घालतो. मग त्यांच्या मागे पळापळ, खुर्च्या आणा, पाणी आणा — आणि संध्याकाळी कापायला बसलो, एकामागून एक, तोंडं बघत नाही हो मी, सव्वीस वर्षांत बघायचं सोडून दिलंय. तार अर्धी गेली आणि हाताखाली ती कानाची पाळी आली. तिथे थांबलो.

थांबून काय उपयोग. अर्धा चेहरा परत बसवला, दाबला, नाही बसला. मोठ्या सरांनी गेल्या वर्षी मला एकदा बजावलं होतं, आता तक्रार आली तर घरी बस म्हणून. मग मी ते खिडकीत ठेवलं. शुक्रवार, शनिवार सुट्टी, वारा चालू. मुद्दाम ठेवलं, हो. रविवारी आली तेव्हा भाजलेल्या भाकरीसारखे तुकडे पडले होते, कापल्याचा मागमूस नाही. मीच म्हटलं तिला — तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, पोरी, फडकं नीट भिजवलं नव्हतंस. तर म्हणते, बरोबर आहे काका, मी घाईत होते. आणि मला म्हणे, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. त्यानंतर हात लावला नाही मातीला. पेन्सिलीने लिहिलेलं खोडून टाकलं. दुसरंही काही लिहिलं नाही.

कोरा कागद दिला तिने ऑफिसात. मला कळलं, आणि मी गप्प बसलो. आता नाही बसत. सही करत नाही मी. तुमच्याबरोबर येतो, आत्ता, शुब्राला ना घर? तिच्यासमोर उभा राहतो आणि सांगतो. तिला काय करायचंय ते करू दे माझं. नोकरी गेली तर गेली. हात शाबूत आहेत तिचे, सप्टेंबरमध्ये परत येईल, दुसऱ्यांदा करेल, पहिल्यापेक्षा चांगलं करेल. उठा.

उठा ना.

नको म्हणजे? का नको? धाकट्या दोघी... हो, त्यांना कोणीतरी पाहिजेच. स्वयंपाक, शाळा, तुमच्या आईची औषधं. आता कुठे रुळलीये, म्हणता. उगाच पुन्हा कशाला ढवळायचं, म्हणता. म्हणजे उस्ताद, हे तिला तुम्हीही सांगणार नाही. मी इथे शरमेनं मरतोय, आणि तुम्हाला ते सोयीचं पडलंय.

बरं.

आणा तो कागद. इथे ना? दसूकी अब्दुल-बाकी, मातीखातं, काही बाकी नाही. घ्या. माझ्याकडे असं बघू नका. मी एकदाच खोटं बोललो, तुम्हाला रोज बोलावं लागेल, तिच्या हातचं जेवताना. ऑफिसची खिडकी दोनला बंद होते. जा.