खासदार आणि बेदाण्याच्या गोदामाचं कुलूप

बायांनो, मी एका खासदाराला बेदाण्याच्या गोदामात कोंडलंय! नव्वदच्या दशकातली गोष्ट. ते दिल्लीत संरक्षण समितीवर होते. लष्कराचे निरोप गुप्त ठेवणारे कॉम्प्युटर घ्यायचे होते, ती खरेदी तपासायचं काम समितीकडं. माझा थोरला सीमेवर, त्याच निरोपांवर त्याचा जीव. खासदार तासगावात आमच्या गोदामात बेदाणा चाखत बसले, तेव्हा मी विचारलं, "ते गुपित उघडायची किल्ली कुणाकडं?"

"एक आपल्याकडं, एक विकणाऱ्या परदेशी कंपनीकडं. दुरुस्तीला लागते, आक्का."

मी बाहेर येऊन कुलूप घातलं.

"आवं आक्का, उघडा की!"

"किल्ली कुलूप विकणाऱ्याकडं हाय, आष्ट्याला. त्याला वाटंल तवा उघडंल!"

"विचारतो! समितीत विचारतो!"

तेव्हा कुठं मी कमरेची किल्ली काढून दार उघडलं. आणि त्यांनी विचारलं, बरं का! कंपनीला दुसरी किल्ली सोडावी लागली.

पुढच्या खेपेला खासदारांनी दाराचं कुलूप काढून आधी स्वतःच्या खिशात घातलं, मगच आत पाऊल टाकलं.