उतरलेला गंधार

कानाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सासूबाई गाण्याच्या शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी त्यांचे कान पार गेले होते. ऑपरेशननंतर आता कानामागे यंत्र होतं.

“आई, आठ महिने रोज पेटी घेऊन बसतो, हे डॉक्टरांना नक्की सांगा.”

“सांगते. सुरुवातीला सा काय नि पंचम काय, सगळं पत्र्याचा डबा बडवल्यासारखं!”

“तुम्ही पेटीच ढकलून दिली होतीत.”

“मग काय करू? जन्मभर लोकांचे सूर सुधारले, आणि मलाच वरचा कुठला, खालचा कुठला कळेना.”

“पण काल वीसपैकी वीस ओळखलेत!”

“ती पेटी गं. आज सकाळी तू भाजी चिरताना गुणगुणत होतीस ना?”

“अगंबाई! तुम्हाला ऐकू आलं?”

“आलं. गंधार उतरला होता तुझा.”

“आई!”

“अगं, चूक काढली म्हणून रडतेस?”

“काढा हो, रोज काढा! दोन वर्षांनी काढलीत!”

“मग गा आत्ता.”

“इथे? लोक बघतील.”

“बघू देत. गा.”

सुनेने हळूच सूर लावला.

“वर घे. अजून किंचित... हां! लागला बघ!”